कच्च्या दातांच्या मोकल मॅडम

मोकल मॅडमच्या शोकसभेला मी गेले होते, पण बोलायला उठले नाही. मुंबईतल्या ज्या दंत महाविद्यालयात त्यांनी आयुष्य काढलं, तिथल्याच एका हॉलमध्ये सभा होती. पंखे जोरात, माणसं थोडी. एकाने त्यांच्या शोधनिबंधांची नावं वाचून दाखवली. दुसऱ्याने त्यांच्या शिस्तीबद्दल सांगितलं. तिसरे म्हणाले, दात आणि हाडं मुळात घडतात कशी याचा रेणूंच्या पातळीवर इतका चिवट अभ्यास करणारी बाई आपल्याकडे पुन्हा होणे नाही. सगळं खरंच होतं. मला मात्र श्रीवर्धनच्या एका अंगणात सुपाऱ्यांच्या ढिगाशेजारी उकिडव्या बसलेल्या मॅडम दिसत होत्या. ते तिथे सांगण्यासारखं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नाही. म्हणून इथे लिहिते.

मी त्यांची विद्यार्थिनी. मॅडम बुटक्या, सावळ्या, सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला, पायात कायम त्याच तपकिरी चपला. माणूस समोर आला की त्या आधी त्याच्या तोंडाकडे बघत, मग डोळ्यांकडे. नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. "ती रे ती, वरचे दोन पुढचे एकमेकांवर चढलेले, तिला बोलाव," असं म्हणत, आणि शिपायाला बरोबर कळे. 'नक्की' हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. "मॅडम, उद्या लेक्चर आहे ना?" असं विचारलं तर म्हणत, "असण्याची शक्यता आहे." वर्गात आम्ही याची नक्कल करायचो. त्यांना ते माहीत होतं आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे.

पेणच्या खाडीकडच्या मिठागरात त्यांचं घराणं राबलेलं. पुढे बांध फुटून खारं पाणी आत शिरलं, मिठागर गेलं, भावांनी डंपर घेतले. मॅडम तेवढ्या शिकल्या. दाताच्या वरच्या कठीण थराचा पहिला धडा त्यांनी आम्हाला शिकवला तो दोन पुड्या टेबलावर ठेवून. एकीत पांढरं, टणक, चौकोनी दाण्याचं मीठ होतं. दुसरीत करडं, भुसभुशीत, बोटांत चिरडणारं.

"दोन्ही एकाच आगरातलं," त्या म्हणाल्या. "एक पिकलेलं, एक कच्चं राहिलेलं. मीठ बनवत नाहीत मुलांनो, पिकवतात. आणि दातसुद्धा पिकावा लागतो."

मग त्यांनी सांगितलं की हिरडीच्या आत दात तयार होताना आधी प्रथिनांचा एक मऊ गादीसारखा थर पडतो. त्यात खनिजाचे बारीक स्फटिक उभे राहतात. पण गादी तशीच राहिली तर स्फटिकांना जाड व्हायला जागाच नाही. म्हणून शरीर त्या प्रथिनांचे तुकडे करणारी कात्री पाठवतं, गादी कापून बाहेर काढतं, आणि मोकळ्या जागेत दगड भरतो. "ही कात्री बोथट निघाली, की दात आकाराने पुरा पण आतून कच्चा." त्या एका कात्रीच्या मागे त्यांचं सगळं आयुष्य गेलं, हे तेव्हा आम्हाला कुठे ठाऊक होतं.

शिक्षण संपवून मी मुरूडला आले आणि बाजारात दवाखाना थाटला. पाचसहा वर्षांनी रंजना नावाची एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली. गाव खाडीकडचं, नाव लिहीत नाही, का ते पुढे कळेल. मुलगी सोनाली, तेव्हा दुसरी-तिसरीत असेल. तोंड उघडायला तयार नव्हती. पंख्याचा वारा दातांना लागला तरी कळ येते म्हणून ती ओठ मिटून नाकाने श्वास घेत होती. शेवटी तिने आ केला. दात पिवळट तपकिरी, कडांनी खडूसारखे झडलेले. दुधाचे तसेच, नवे आलेलेही तसेच.

रंजनाने मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, मी मिशरी लावते, त्यानं झालंय का हो ह्ये? सासू म्हंते, तुज्या मिशरीनं पोरीच्या दातांचा कोळसा झाला. मी सोडली मिशरी. कवाच सोडली."

मी त्या दुपारी मॅडमना फोन केला. दातांचं वर्णन केलं. त्यांनी विचारलं, "घरात अजून कुणाचे आहेत असे?"

"नाही. आईबापांचे स्वच्छ आहेत."

"येते मी."

त्या येत राहिल्या. मांडव्यापर्यंत लाँच, तिथून अलिबाग, अलिबागहून मुरूडची एसटी. काशीदला फिरायला आलेली मंडळी उतरली की त्यांना बसायला जागा मिळे, तोवर उभ्या. लाँचमध्ये समोरची बाई हसली की म्हणत, "जरा पुन्हा हसता का?" एकदा एक माणूस चिडला. मॅडमनी त्याला शांतपणे सांगितलं, "तुमच्या डाव्या दाढेकडे लवकर बघून घ्या," आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

पहिल्या भेटीत त्यांनी रंजनाकडे सोनालीचे पडलेले दुधाचे दात मागितले. रंजना गोंधळली. "ते तर कौलांवर फेकले. फेकतात ना सगळी."

मॅडमनी वर बघितलं. मग म्हणाल्या, "शिडी आहे?"

सोनालीची आजी ओटीवर सुकट निवडत बसली होती. तिने आयुष्यात पुष्कळ डॉक्टर बघितले असतील, पण पदर खोचून कौलांवर चढणारी बाई बघितली नव्हती. "आगो, पडशील! ही बया वर काय शोधते?" शेजारपाजारचे गोळा झाले. मॅडम पन्हळीतला पाचोळा मुठीमुठीने उपसत होत्या. मी खाली शिडी धरून देवाचं नाव घेत होते. शेवटी त्यांनी चिमटीत काहीतरी धरलं, उन्हात फिरवून बघितलं आणि खाली बघून हसल्या. त्या दिवसापुरत्या त्या अगदी पोरीसारख्या दिसल्या. तो दात त्यांनी औषधाच्या डबीत कापसात घालून नेला.

मी मुंबईला गेले की त्यांच्या प्रयोगशाळेत डोकवायचे. तळघरातली खोली, ओल आलेल्या भिंती, एक जुनं यंत्र ज्याच्या हिऱ्याच्या पात्याने दाताचे कागदाइतके पातळ काप निघत. ते पातं चालू असताना बाकीचे कानात कापूस घालत. मॅडम कान देऊन ऐकत. चांगला दात कापताना आवाज किरकिरा येतो, कच्चा असला की पातं मुकाट आत जातं. सोनालीचा दात लावला तेव्हा काहीच आवाज आला नाही, असं त्यांनी मला सांगितलं.

काम फार हळू चाललं होतं. यंत्र बिघडे, रसायन वेळेवर येत नसे, हाताखाली तयार झालेली मुलं परदेशी जात. विचारलं की म्हणत, "चाललंय." थकवा त्या बोलून दाखवत नसत, पण अहवाल लिहिता लिहिता चष्मा काढून तळव्यांनी डोळे दाबून बसत, आणि तशा बसल्या की बराच वेळ उठत नसत. या सगळ्या काळात सोनालीचे दात मी लिंपून देत होते. लिंपण कच्च्या दाताला धरत नसे, महिन्या-दोन महिन्यांनी गळून पडे. जबडा पुरता वाढेपर्यंत कायमच्या कॅप बसवता येत नव्हत्या. सोनाली हसताना तोंडावर हात धरायला शिकली, मग हसायचीच कमी झाली. आठवीनंतर ती वर्गात बोलत नाही, असं तिची आई सांगायची.

मॅडमनी सोनालीच्या घरातल्या सगळ्यांची लाळ नळ्यांमध्ये घेतली होती. आजीची सुद्धा. "थुंकायला लावते मेली, आनि वर ती थुंकी घरी नेते!" आजी म्हणाली, पण थुंकली. त्या नळ्यांतून शेवटी उत्तर निघालं. सोनालीच्या शरीरात ती कात्री बनवायची सूचनाच चुकीची होती. चुकीची एक प्रत आईकडून आली होती, एक वडिलांकडून. एकेकच चुकीची प्रत असल्यामुळे त्या दोघांचे दात धडधाकट. आणि रंजना ही आजीच्या सख्ख्या भावाची मुलगी. मामाची पोर करून आणलेली. म्हणजे दोष आला होता तो आजीच्या माहेरून, दोन्ही वाटांनी. मिशरीचा काही संबंध नव्हता.

मॅडमनी ठरवलं होतं की हे रंजनाला आणि तिच्या नवऱ्याला दवाखान्यात बोलावून, दार लावून सांगायचं. नवरा ट्रेलरवर असे, त्या आठवड्यात तो गुजरातकडे गेलेला. म्हणून आम्ही दोघी नुसत्याच त्यांच्या घरी गेलो, तो कधी येणार ते विचारायला. ओटीवर शेजारच्या बायका बसल्या होत्या. चहा आला. आजीने सुरुवात केली.

"काय गो बाई, सापडलं का तुला? मी सांगते सापडंल तर. हिच्या मिशरीनं पोरीच्या जल्माचा इस्कोट केला. उद्या हिला कोन पतकरणार? हिच्या बापानं आमच्या गळ्यात बांधली..."

रंजना कपबश्या उचलत होती. तिने मान वर केली नाही. तिला याची सवय होती. मॅडमना नव्हती.

"आजी," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला, "मिशरीनं काही झालेलं नाही. हिचा एकटीचा दोष नाही. निम्मा तुमच्या मुलाकडून आलाय. आणि त्याला तो तुमच्याकडून मिळालाय. तुमच्या माहेरातून आलंय हे. मी तपासलंय."

आजीने सुपारी कातरायचं थांबवलं. रंजना कपबश्या हातात घेऊन तशीच उभी राहिली, आणि मग आत गेली. आतून तिचा रडण्याचा आवाज आला, मोठ्याने, इतक्या वर्षांचा. थोड्या वेळाने ती बाहेर आली आणि सगळ्यांदेखत मॅडमच्या पाया पडली.

परत येताना मॅडमनी मला नाक्यावर थांबवून वडापाव घेतला. त्या बाहेरचं खात नसत. दोन खाल्ले. "एवढ्यासाठी केलं असेल मी सगळं," त्या म्हणाल्या. आणि लगेच स्वतःलाच दुरुस्त केलं, "शक्यता आहे."

पावसाळा गेला. दिवाळीनंतर रंजना दवाखान्यात आली, पण दात दाखवायला नाही. तिच्या दिराची मुलगी प्रणाली हिचं लग्न ठरलं होतं. मुलगा श्रीवर्धनचा, सुपारीच्या बागा. साखरपुडा झालेला. प्रणालीचे दात मोत्यासारखे. तिच्या सगळ्या पिढीत तिच्याइतकी देखणी मुलगी त्या गावात नव्हती. मुलाकडच्यांनी लग्न मोडलं होतं. ओटीवरच्या बायकांपैकी कुणाचं तरी माहेर श्रीवर्धनकडचं. बोलणं गेलं ते असं गेलं: त्या घरात दातांचा रोग हाय, रक्तातनं येतो, मुंबईच्या डाक्टरीनबाईनं तपासून सांगितलंय.

"आता सासू मला काय बोलत न्हाय," रंजना म्हणाली. "कोनच कुनाशी बोलत न्हाय. जाऊबाई तर माज्या दारावरनं जात पन न्हाय. मॅडमना सांगा, त्यांचा राग न्हाय माजा. पन सांगा."

मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या मुरूडला हजर. "श्रीवर्धनला जायचं. मी त्यांना समजावून सांगते."

आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघी, तिथून पुढे रिक्षा. वाटेत त्यांनी काय काय सांगायचं ते मला बोलून दाखवलं. मला ते पटत होतं आणि काही उपयोग होणार नाही हेही कळत होतं. मुलाचे वडील सज्जन माणूस. अंगणात सुपारी वाळत घातलेली, एका कडेला ढीग. त्यांनी खुर्च्या मांडल्या, शहाळी फोडली, चौकशी केली. मॅडमनी सांगायला सुरुवात केली, आणि बोलता बोलता खुर्ची सोडून त्या ढिगाशेजारी जमिनीवर बसल्या.

"हे बघा. ही चांगली सुपारी, ही किडकी." त्यांनी सुपाऱ्यांच्या जोड्या लावल्या. "माणसाकडे प्रत्येक गोष्टीच्या दोन असतात. दोन्ही किडक्या असल्या तरच दात कच्चे होतात. प्रणालीचे दात चांगले आहेत, म्हणजे तिच्याकडे निदान एक तरी चांगली आहेच. बहुतेक दोन्ही चांगल्याच असतील. धरून चाला, एक किडकी निघाली. तरी मूल तसं व्हायला तुमच्या मुलाकडेही एक किडकी असायला हवी. तुम्ही त्यांचे कुणी नातलग नाही. तुमच्याकडे ती असण्याची शक्यता अगदी, अगदी कमी."

ते गृहस्थ नीट ऐकत होते. मधे त्यांनी एक शंका विचारली, तीही बरोबर. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून म्हणाले, "बाई, तुमी शिकलेल्या, एवढ्या लांबनं आलात, तुमी खोटं कशाला सांगाल? मला एकच सांगा. त्ये शून्य हाय का?"

मॅडम सुपाऱ्यांकडे बघत राहिल्या.

"तुमच्या मुलाची तपासणी केली तर सांगता येईल."

"आमच्या पोराला काय झालंय, त्याला कशाला तपासायचा? तुमी सांगा. शून्य हाय?"

मी मनात म्हणत होते, म्हणा. हो म्हणा. कुठल्याही डॉक्टरने म्हटलं असतं. मी म्हटलं असतं. शून्यात आणि त्या आकड्यात जो काय फरक होता, तो त्या अंगणात कुणाला दिसणार नव्हता.

"शून्य नाही," मॅडम म्हणाल्या.

"मंग झालं," ते म्हणाले. रागाने नाही. "आमची एकच सून येनार, बाई. आमी कशाला जोखीम घ्यायची?" त्यांनी आम्हाला रिक्षापर्यंत पोचवलं आणि सोबत ओल्या सुपाऱ्यांची पिशवी दिली.

फेरीबोटीवर मॅडम कठड्याला धरून उभ्या होत्या. पिशवी पायाशी. म्हणाल्या, "एक शब्द होता फक्त."

"मॅडम, तुम्ही खोटं बोलला नाहीत."

"आधी नको तिथे खरं बोलले. आज पुन्हा." मग म्हणाल्या, "त्या दिवशी ओटीवर मला राग आला होता, अगं. मला वाटलं मी रंजनासाठी बोलतेय. मी माझ्या रागासाठी बोलले."

त्यानंतर काही महिन्यांनी प्रणाली आली. मॅडम त्या रविवारी माझ्याकडे आल्या होत्या, खरं तर तिलाच भेटता येईल का हे विचारायला. ती आपणहून दारात उभी राहिली. उंच, सरळ बोलणारी मुलगी. पनवेलला नोकरी धरली होती.

"तुम्ही माझं काही तपासलंच नव्हतं," ती म्हणाली. "मग माझं नाव कसं लागलं?"

"माझ्यामुळे," मॅडम म्हणाल्या. "तुझी तपासणी करायची असेल तर करते. पण तुला पाहिजे असेल तरच. आणि काहीही निघालं तरी फक्त तुला सांगेन."

ती विचार करत बसली. मग नळीत थुंकली. पुढच्या खेपेला मॅडमनी तिला आतल्या खोलीत नेऊन दार लावलं. मला बाहेर थांबायला सांगितलं. बाहेर येऊन प्रणालीनेच मला सांगितलं, "माझ्यात नाही म्हणे ते. अजिबात."

"अगं, मग श्रीवर्धनला कळवूया का?" मी विचारलं.

"त्याचं झालं लग्न. माघातच." तिने ओढणी नीट केली. मॅडम तिच्या मागे उभ्या होत्या. प्रणाली त्यांच्याकडे वळली. "मॅडम, रागावू नका, एक विचारू? तुम्ही इतकी वर्षं आमच्याकडं येताय. आमची सगळ्यांची थुंकी नेली, दात नेले, कौलांवर चढलात. पण सोनालीचे दात अजून तसेच आहेत. ते कधी करणार?"

मॅडमकडे उत्तर होतं: त्या संशोधक, रोगी तपासणं त्यांनी कधीच सोडलेलं, आणि जबडा वाढेपर्यंत थांबणं भागच होतं. यातलं काहीही त्यांनी सांगितलं नाही. "बरोबर आहे तुझं," एवढंच म्हणाल्या.

त्याच सुमारास त्यांचा निबंध छापून आला. चारच पानं. दूर कुठल्यातरी देशातल्या लोकांनी तीच कात्री, तीच चूक, आणखी मोठ्या कुटुंबात आधीच दाखवली होती. मॅडमच्या निबंधात गावाचं नाव नव्हतं, तालुक्याचं नव्हतं. 'भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील एक कुटुंब' एवढंच. मी अभिनंदन केलं. त्या म्हणाल्या, "असू दे ते. मला कॅप बसवायला शिकव."

"मॅडम, तुम्ही मला शिकवलंत."

"पुस्तकातलं शिकवलं. माझा हात विसरलाय."

त्या निवृत्त झाल्या आणि रविवारी येऊ लागल्या. प्लास्टरच्या दातांवर माझ्यासमोर बसून घासण्याचा सराव करत. कड वाकडी जायची. मी बोलले तर चिडत नसत. मान डोलवून पुन्हा सुरू करत. मग सोनालीवर सुरुवात झाली. ती आता बारावीला. माप घ्यायचं, दात घासायचे, तात्पुरत्या कॅप, मुंबईच्या एका जुन्या ओळखीच्या तंत्रज्ञाकडून पक्क्या करून आणायच्या, बसवायच्या. एका खेपेला दोन-तीन दात, त्याहून जास्त सोनालीला सोसत नसत आणि मॅडमनाही. वर्षभर हे चाललं. पावसात एसटी बंद पडायच्या, तरी त्या येत. अलिबागपासून एसटीत उभं राहून पाय सुजलेले असत. मी म्हणायचे, पुढच्या रविवारी नका येऊ. त्या म्हणत, "बघू." आणि येत. बरोबर येणाऱ्या रंजनाशी त्या फार बोलत नसत. रंजनाची जाऊ अजूनही तिच्याशी बोलत नव्हती. शेवटपर्यंत बोलली नाही. मॅडमना हे दर रविवारी आठवे.

शेवटच्या तीन कॅप बसवल्या ती दुपार उन्हाळ्याची होती. काम संपल्यावर मॅडमनी सोनालीला चूळ भरायला सांगितली, आणि आवराआवर करण्याऐवजी तिने रिकाम्या केलेल्या रोग्याच्या खुर्चीतच टेकल्या. "दोन मिनिटं बसते," म्हणाल्या.

मी माठातलं पाणी भरून सोनालीच्या हातात दिलं. ती घाबरली. जन्मात तिने गार पाणी तोंडात धरलेलं नव्हतं. कोमट करूनच प्यायची, तेही एका बाजूने. मी म्हटलं, पी. तिने डोळे गच्च मिटून घोट घेतला, थांबली, कळ यायची वाट बघितली. मग दुसरा घोट घेतला. मग पेला संपवला आणि माठाकडे गेली, पुन्हा भरून घेतला. तिसऱ्या पेल्याला ती हसायला लागली आणि पाणी हनुवटीवरून ड्रेसवर सांडलं. हात तोंडाकडे गेला नाही.

"मॅडम, बघा ना," मी मागे वळून म्हटलं.

मॅडम झोपल्या होत्या. हातमोजे तसेच, चष्मा कपाळावर, तोंड उघडं. खुर्चीवरचा दिवा त्यांच्या तोंडावर लागलेला होता. मी पुढे होऊन तो बंद करणार, तेवढ्यात सोनाली हळूच जवळ आली. तिने ट्रेमधला लांब दांड्याचा आरसा उचलला. लहानपणापासून कुणी ना कुणी तिच्या तोंडात वाकून बघत आलं होतं. ती खुर्चीच्या बाजूला उभी राहिली आणि तशीच, कपाळाला आठ्या घालून, मॅडमच्या तोंडात वाकून बघायला लागली. आरसा आत घातला नाही, फक्त वर धरला.

"बाई," ती माझ्याकडे वळून कुजबुजली, "ह्यांच्या तर दोन दाढा गेल्यात. आनि एक किडलीय. कुनी बघितलंच न्हाय का?"

"नाही," मी म्हटलं.

"उठल्यावर आपन बघू," ती म्हणाली, आणि दिवा आपणच बंद केला.